लॅपटॉप घरी ठेवा, मोबाइल घेऊन या

ऑनलाइन शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला निघालेल्या प्राध्यापकांना मी आधी हेच सांगते. वायफाय बंद ठेवायचं, मोबाइल डेटावर बसायचं आणि सहकाऱ्याचा एक अख्खा तास विद्यार्थी म्हणून ऐकायचा. फळ्यावरचं अक्षर त्या पडद्यावर वाचता येतं का, ते तिथे कळतं.

2020च्या टाळेबंदीत मी नवीन पनवेलमध्ये घरी बसून अशी बरीच प्रशिक्षणं पाहिली. मीटिंग कशी उघडायची, स्क्रीन कशी शेअर करायची, सगळ्यांना म्यूट कसं करायचं. शेवटी फॉर्म भरला की प्रमाणपत्र ई-मेलवर हजर! पदोन्नतीच्या फाइलला ते लागतं, त्यामुळे गर्दीही होई. पण शिकवायचं कसं, याबद्दल तिथे अवाक्षर नव्हतं.

आपल्याकडे मुलं येतात उरण, पेण, कर्जत, खालापूरकडून. तेव्हा कितीतरी घरांत मोबाइल एकच होता, आणि त्यावर धाकट्या भावंडाची शाळाही. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या गावांत पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. तिथे घरी गेलेल्या मुलाचा बुडालेला तास कसा भरून काढायचा, हा प्रश्न कुठल्याच प्रशिक्षणात निघाला नाही याचा मला आजही राग येतो.

खरं तर उत्तर पवईतच होतं. आयआयटी मुंबईतल्या प्रा. सहना मूर्ती आणि प्रा. श्रीधर अय्यर यांच्या गटाने टाळेबंदीच्या कितीतरी आधी शिक्षकांसाठी एक पद्धत मांडली होती. व्हिडिओ छोटा ठेवायचा, मध्येच थांबायचं, मुलाला प्रश्न घालायचा आणि त्याने वहीत काहीतरी लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. छोटा म्हणजे किती? 2014मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या 69 लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचा अभ्यास झाला, त्यात मुलं सहा मिनिटांच्या पुढे फारशी टिकत नाहीत असं दिसलं. आपण तर 48 मिनिटांचा तास जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर ओतत होतो.

अकाउंट्सचंच घ्या. एक लाखाचं मशीन, दहा टक्के घसारा, रिड्यूसिंग बॅलन्स पद्धत, म्हणजे दर वर्षी उरलेल्या किमतीवर घसारा. पहिल्या वर्षाचे दहा हजार दाखवून थांबा आणि दुसऱ्या वर्षाची एन्ट्री मुलांना करू द्या. नऊ हजार लिहिणाऱ्याला कळलंय. दहा हजार लिहिणारा अजून स्ट्रेट लाइनमध्येच अडकलाय, त्याला तिथेच हात द्यायला हवा. वर्गात हे आपण चेहऱ्यावरून ओळखतो. ऑनलाइन तासात चेहरे दिसत नाहीत, म्हणून असे थांबे आधीच ठरवून ठेवावे लागतात. प्रशिक्षणात शिकायचं ते हे. बटणं कुणीही तासाभरात शिकवेल.

वहीतल्या उत्तराचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तरी पुरे. रेंज येईल तेव्हा येईल. हजेरीही लिंक उघडण्यावर न धरता त्या फोटोवर धरा.

आणि आयोजकांना नाव देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: माझ्याच विषयातला एक धडा मी इथे तयार करणार का? आणि महिन्याभराने तो शिकवताना अडलं, तर फोन कुणाला करायचा? नीट उत्तर मिळालं नाही, तर प्रशिक्षणासाठी काढणार होता ती सुट्टी तुमच्या धड्यावर खर्च करा.