‘डीबग’ : एक शब्द, तीन अर्थ

इंग्रजी भाषेत ‘बग’ म्हणजे किडा. ढेकणापासून पतंगापर्यंत कोणत्याही लहान कीटकाला बोलीत हा शब्द लावला जातो. त्याला ‘काढून टाकणे’ या अर्थाचा ‘डी’ हा उपसर्ग जोडला की ‘डीबग’ हे क्रियापद सिद्ध होते. झाडावरील वा घरातील कीड नाहीशी करणे, हा त्याचा सरळ अर्थ होय.

दुसरा अर्थ हेरगिरीच्या क्षेत्रातील आहे. चोरून संभाषण ऐकण्यासाठी दडवून ठेवलेल्या यंत्रासही ‘बग’ म्हणतात; असे यंत्र शोधून काढणे म्हणजे ती खोली ‘डीबग’ करणे. १९४५ साली मॉस्कोतील अमेरिकन राजदूतास लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट देण्यात आले. त्यात असे एक यंत्र होते. त्याला तार नव्हती, विद्युत्घटही नव्हता. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या तरच ते कार्य करी. त्यामुळे १९५२ पर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही.

तिसरा अर्थ यंत्रविद्येतील. यंत्रातील लहानसहान दोषांना ‘बग’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. टॉमस एडिसन याच्या १८७८ मधील एका पत्रात तो आढळतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क २’ या गणकयंत्राच्या एका रिलेमध्ये खरोखरीचा पतंग सापडला. तो नोंदवहीत चिकटवून, ‘बग’ प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा आशयाची नोंद करण्यात आली. या शब्दाचा जन्म याच प्रसंगातून झाला, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. परंतु शब्द आधीच रूढ असल्यावाचून त्या नोंदीतील विनोदाला अर्थच उरत नाही.

या तीन अर्थांत साम्य एवढेच की, काहीतरी दडलेले असते आणि ते शोधून दूर करावयाचे असते. भेद मात्र मूलगामी आहे. कीड आपल्या पायांनी येते. चोरटे यंत्र दुसरा कोणीतरी आणून ठेवतो. संगणकाच्या आज्ञावलीतील चूक बहुधा आज्ञावली रचणाऱ्याच्याच हातून झालेली असते.

४ जून १९९६ रोजी ‘एरियन ५’ हे युरोपीय अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या आज्ञावलीत बाहेरून काहीही शिरले नव्हते. ‘एरियन ४’साठी लिहिलेला भाग नव्या अग्निबाणात तसाच ठेवला होता. नव्याचा आडवा वेग अधिक असल्याने त्यासंबंधीची एक संख्या तिला नेमून दिलेल्या १६ अंकस्थानांत मावली नाही, आणि दिशादर्शक यंत्रणा बंद पडली.

म्हणूनच एड्‌सगर डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने १९८८ साली आग्रह धरला की, ‘बग’ न म्हणता ‘चूक’ म्हणावे. ‘बग’ म्हटल्याने, रचणाऱ्याचे लक्ष नसताना कोणी किडा आत शिरला असे सूचित होते आणि चुकीचा कर्ता नजरेआड होतो, असा त्याचा आक्षेप होता. शब्द इतका रुळला आहे की तो आता जाणार नाही. मराठीत मात्र या अर्थी ‘दोषनिवारण’ म्हणण्याची सोय आहे. त्या शब्दात किडा नाही. दोष आहे, आणि तो कोणाचा, हे विचारण्यास वाव आहे.