यकृत-प्रत्यारोपणानंतर बुरशीचा धोका

भारतात यकृताचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९९८ मध्ये झाले. पुण्या-मुंबईत ही शस्त्रक्रिया करून अहिल्यानगर जिल्ह्यातील आपल्या गावी परतणाऱ्या रुग्णाची खरी कसोटी मात्र पुढेच असते. शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून त्यास प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यामुळे एरवी निरुपद्रवी असणारी बुरशी त्याच्या जिवावर उठू शकते. आतड्यात वसणारी कँडिडा व श्वासावाटे फुप्फुसात शिरणारी ॲस्परजिलस या त्यांतील प्रमुख होत.

मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस लागणे, शस्त्रक्रियेत पुष्कळ रक्त द्यावे लागणे, पोट पुन्हा उघडावे लागणे आणि प्रतिजैविके दीर्घकाळ चालणे यांमुळे धोका वाढतो. अशा रुग्णांस डॉक्टर आरंभीच बुरशीप्रतिबंधक औषध देतात.

बुरसटलेला कडबा, उसाचे कुजके पाचट, उकिरडा व ओलसर धान्य यांवर ॲस्परजिलस वाढते. ही कामे घरातील इतरांनी करावीत. ताप वा खोकला येताच प्रत्यारोपण केंद्रास कळवावे. काही बुरशीनाशक गोळ्यांमुळे प्रत्यारोपणाच्या औषधाचे रक्तातील प्रमाण घातक ठरेल इतके वाढते. म्हणून दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये आणि चालू औषध आपल्या मनाने थांबवू नये. गावातील शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबास एवढे समजावून दिले, तरी एक जीव वाचू शकेल.