काढ्यातला ज्येष्ठमध

घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरून यायला बराच वेळ लागायचा. सिंगापूरच्या दमट हवेत दिवसभर उभं राहिल्यामुळे होत असेल, असं मी धरून चालले. मग एका सकाळी वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला हात उचलला, तर तो खांद्यापर्यंतही जाईना. दुखत नव्हता, बधिरही नव्हता. त्यात जोरच उरला नव्हता. मुलाने त्याच दिवशी पॉलिक्लिनिकमध्ये नेलं. रक्तदाब १७८/१०२ निघाला. रक्तातलं पोटॅशियम साडेतीनच्या खाली जाऊ नये, माझं २.७ होतं. पोटॅशियम एवढं उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून मला तिथूनच रुग्णालयात पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजीचा कागद खाली ठेवत विचारलं, “आंटी, तुम्ही चिनी औषध घेता का?”

चार महिने घेत होते. आणि हे मी एखाद्या डॉक्टरला पहिल्यांदाच सांगत होते.

मी गेले होते गुडघ्यांसाठी. शेजारच्या चिनी आंटी त्यांच्या सिन्सेकडे घेऊन गेल्या. चिनी वैद्याला इथे सिन्से म्हणतात. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला सांगितली, झोप आणि भूक विचारली. सोलापुरात लहानपणी आजीबरोबर वैद्यांकडे जायचे, अगदी तसंच सगळं वाटलं. हे तर आपल्यातलंच आहे, असं वाटलं आणि तिथेच माझी सावधगिरी सुटली. त्यांनी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचल्या आणि सुयांचा गुणही आला. पाचव्या-सहाव्या खेपेपासून जिना उतरताना कठडा धरावा लागेना. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण माझी तक्रार सुयांबद्दल नाही.

मग एकदा सहज सांगितलं की रात्री पोटरीत गोळे येतात. त्यावर चूर्णाची छोटी पाकिटं मिळाली, गरम पाण्यात ढवळून दिवसातून दोनदा घ्यायची. सिन्से मँडरिन बोलायचे आणि समोर बसलेली मुलगी मला इंग्रजीत सांगायची. “दुसरं औषध चालू आहे का?” असं तिने विचारलं, तेव्हा मी म्हणाले, “बीपीची एक गोळी.” गोळीचं नाव मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. पाकिटात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या पाकिटात होता ‘शाओयाव गानत्साव थांग’. थांग म्हणजे काढा. यात दोनच वनस्पती असतात, एक पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ आणि दुसरी गानत्साव, म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाची सख्खी बहीण. चिनी वैद्यकात स्नायूंच्या गोळ्यांवर हा फार जुना आणि मानलेला योग आहे. मलाही पहिल्या आठवड्यात आराम पडला. पण ज्येष्ठमधात ग्लायसिऱ्हायझिन नावाचं द्रव्य असतं. ते पोटात रोज भरपूर जात राहिलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतात. रक्तदाब चढतो, पाय सुजतात, स्नायूंतला जोर जातो. माझ्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, आणि तेही पोटॅशियम बाहेर काढतं. दोन्हीकडून एकच गळती सुरू होती. आणि पोटॅशियम कमी झालं की होतं काय? पोटरीत गोळे येतात. तिसऱ्या महिन्यात गोळे परतले, तेव्हा औषध कमी पडतंय असं समजून मी कुणालाही न विचारता दोनाची तीन पाकिटं केली. ज्याने दुखणं वाढत होतं तेच मी वाढवत नेलं.

काढा थांबवला, पोटॅशियम दिलं आणि तीन आठवड्यांत मी सावरले. सिन्सेंनी खोलात जाऊन विचारायला हवं होतं, असं मला आजही ठामपणे वाटतं. पण सगळं माहीत असलेली त्या खोलीत मी एकटीच होते.

म्हणून सिन्सेकडे पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं असतं की आधी एक कागद करा. त्यावर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि मात्रा लिहा, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि दुकानातून आणलेल्या व्हिटॅमिनच्यासुद्धा. ‘बीपीची’, ‘शुगरची’ असं लिहू नका, गोळीच्या पट्टीवरचं नाव उतरवा. तो कागद सिन्सेला द्या. आणि त्याने दिलेल्या औषधातल्या प्रत्येक वनस्पतीचं नाव लिहून घेऊन तो कागद तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना द्या. आपल्या लोकांना ही दुसरी गोष्ट जड जाते. डॉक्टर रागावतील असं वाटतं. माझ्यावर कुणी रागावलं नाही. उलट रिकाम्या पाकिटावरची चिनी अक्षरं रुग्णालयातल्या एका नर्सने वाचून दाखवली, तेव्हाच निदान पक्कं झालं.

नुसतं चिनी नाव मात्र पुरत नाही, शास्त्रीय नावही लिहून घ्या. १९९० नंतर ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यात गोळ्यांमध्ये ‘फांगची’ नावाची वनस्पती घातली जात होती. ‘हान फांगची’ आणि ‘क्वांग फांगची’ या दोन अगदी वेगळ्या वनस्पती आहेत, पण बोलताना दोघींनाही फांगचीच म्हणतात. हान फांगचीच्या जागी क्वांग फांगची गेली. या दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभराहून अधिक लोकांची, बहुतेक बायकांचीच, मूत्रपिंडं खराब झाली. कित्येकींना डायलिसिस किंवा मूत्रपिंडाचं रोपण करावं लागलं आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९३ साली हे जगापुढे आलं. त्या बायका फक्त वजन कमी करायला गेल्या होत्या. आपल्या रानातली ईश्वरी नावाची वेलही याच जातकुळीतली आहे, तेव्हा हा धोका दूरच्या देशातला आहे असं समजू नका.

‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य मी स्वतः कितीदा बोलले आहे. फूत्सं म्हणजे आपल्या बचनागाच्याच जातीचं मूळ. नीट शुद्ध केलं नाही, पुरेसा वेळ उकळलं नाही, तर ते हृदय थांबवू शकतं. काढा तासभर उकळायला सांगितला असेल तर तासभरच उकळायचा, गॅस वाचवायचा नाही. चीनच्या थू योयो यांनी छिंगहाव या वनस्पतीतून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन शोधलं आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. ज्या पाल्यात एवढा गुण असतो, त्यात अवगुणाचीही ताकद असते.

सुयांचं त्यामानाने सोपं आहे. सुई केसासारखी बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं आणि मग आत एक जड, ठणकल्यासारखी संवेदना पसरते. ती अपेक्षितच असते. वीज चमकल्यासारखी कळ गेली तर मात्र लगेच बोला. सुया एकदाच वापरायच्या असतात, पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे. उपाशीपोटी जाऊ नका. मी एकदा चतुर्थीच्या उपासात गेले आणि तिथेच घेरी आली. गरोदर असाल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल, तर अंगावरचा शर्ट काढण्याआधी ते सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडणारं यंत्र लावून घेऊ नका. खांद्यावर, छातीवर किंवा पाठीच्या वरच्या भागात सुया घेतल्यावर त्याच दिवशी छातीत दुखू लागलं किंवा धाप लागली, तर घरी पडून राहू नका, थेट इस्पितळ गाठा. या भागांत फुफ्फुस कातडीच्या फार जवळ असतं. असं क्वचितच होतं, पण होतं.

सुयांनी किती गुण येतो? २००७ साली जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना फरक पडला होता. म्हणजे काहीतरी उपयोग होतो, पण नेमक्या बिंदूचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच. माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं आहे की जुन्या दुखण्यासाठी सहा ते आठ खेपा करायच्या, आणि उठण्याबसण्यात फरक दिसला नाही तर थांबायचं. वीस खेपांचे पैसे आधीच भरा म्हणणाऱ्याकडे जायचं नाही. इन्सुलिन किंवा बीपीची गोळी बंद करा म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरायचं. गाठ लागली असेल, लघवीतून रक्त जात असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर सुयांच्या आधी तपासण्या.

समोरचा माणूस नोंदणीकृत आहे का, हे पाहायला लाजू नका. सिंगापुरात २००० सालच्या कायद्यानुसार चिनी वैद्यांना नोंदणी करावी लागते आणि नाव नोंदवहीत शोधता येतं. भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते डॉ. बी. के. बसूंनी. १९३८ साली आमच्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांसह चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. महाराष्ट्रात आता अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. मात्र ती नोंदणी सुयांच्या उपचाराची असते, चिनी औषधं देण्याचा परवाना म्हणून तिच्याकडे पाहू नये.

मी अजूनही सुया घेते, दुसऱ्या सिन्सेकडे. पहिल्या दिवशी त्यांनी माझा कागद दोनदा वाचला, बीपीच्या गोळीच्या नावाखाली रेघ मारली आणि औषध काहीच दिलं नाही.

धाकटी बहीण सोलापूरहून सांगते, येताना गुडघ्याच्या त्या काळ्या गोळ्या आण, इकडे सगळ्यांना हव्या आहेत. पूर्वी मी बॅग भरून न्यायचे. आता नेत नाही. लेबलावर फक्त वनस्पती आणि आत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं, अशा गोळ्या सिंगापूरच्या औषध खात्याला पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत. एका दिवसात गुडघा मोकळा झाला तर मला आता आनंद होत नाही, शंका येते. बहिणीला म्हटलं, आधी तुझ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो पाठव. त्यात वॉरफरिन निघालं. हृदयाची झडप बदलल्यापासून ती घेते आहे. तानशन आणि तांगक्वेइ ही चिनी मुळं वॉरफरिनबरोबर गेली तर रक्त आणखी पातळ होतं, आणि सांधेदुखीच्या चिनी गोळ्यांत तांगक्वेइ सर्रास असतं. गेल्या दिवाळीत मी नेलेल्या बाटल्यांपैकी एक तिच्या कपाटात अजून होती. फोन चालू ठेवूनच मी तिला ती बाटली बाहेर काढायला लावली.