इंजिनाचे ‘ट्यूनिंग’ : काल आणि आज

मोटारगाडी सर्व्हिसिंगसाठी दिली की परत येताना तिच्यासोबत एक बिल येते आणि त्या बिलात ‘इंजिन ट्यूनिंग’ अशी एक ओळ अनेकदा आढळते. ऑइल किती घातले, फिल्टर कोणता बदलला, हे ग्राहकास समजते. परंतु ट्यूनिंग म्हणजे नेमके काय केले, हे विचारण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. वास्तविक ही विचारणा आवश्यक आहे. कारण हा शब्द चाळीस वर्षांपूर्वी ज्या कामासाठी वापरला जात असे, ते काम आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये उरलेलेच नाही. शब्द तोच राहिला, त्याचा अर्थ मात्र पार बदलला.

ट्यूनिंग हा मूळचा संगीतातील शब्द. तंबोऱ्याच्या तारा वाजवता वाजवता उतरतात. म्हणून प्रत्येक बैठकीपूर्वी तो जुळवावा लागतो. जुन्या पेट्रोल इंजिनाची स्थिती नेमकी अशीच होती.

जुन्या इंजिनाचे स्वर

पेट्रोल इंजिन नीट चालण्यास तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, ते मिश्रण दाबून धरणारे सिलिंडर आणि अचूक क्षणी पडणारी ठिणगी. ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी, तसेच १९८३ साली रस्त्यावर आलेली मारुती ८०० या गाड्यांच्या कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनांत या तिन्ही गोष्टी यांत्रिक भागांवर अवलंबून होत्या. यांत्रिक भाग घासतात, सैल होतात, जळतात. साहजिकच त्यांचा मेळ ठराविक काळाने बिघडत असे.

ठिणगीचेच उदाहरण घेऊ. डिस्ट्रिब्युटरमध्ये ‘सी.बी. पॉइंट’ नावाची एक छोटी जोडी असे. ती उघडली की ठिणगी पडे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६,००० ठिणग्या लागतात; म्हणजेच हे पॉइंट तासाभरात ३ लाख ६० हजार वेळा उघडत व मिटत. त्यांच्यातील अंतर अवघे ०.४ मिलिमीटरच्या आसपास. घर्षणाने ते कमी होई व ठिणगी उशिरा पडू लागे. शिवाय पॉइंटची टोके जळून खडबडीत होत. परिणामी गाडी ‘मिसिंग’ करू लागे, पिकअप मंदावे आणि पेट्रोल अधिक लागे. त्यातच त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे व त्याचे थर स्पार्क प्लगवर बसत.

म्हणून काही हजार किलोमीटरनंतर मिस्त्री ट्यूनिंगला बसे. त्याच्या कामाला एक क्रम होता. प्रथम टॅपेटमधील फट फिलर गेजने मोजून बसवायची. मग प्लग साफ करून त्यांचे अंतर ठीक करायचे. त्यानंतर पॉइंट, पुढे ठिणगीचे टायमिंग आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून मिश्रण व आयडलिंग जुळवायचे. हा क्रम महत्त्वाचा होता. ठिणगीतील दोष दूर न करता आधीच कार्ब्युरेटरला हात लावला तर इंजिन तात्पुरते शांत होई, मूळ दोष मात्र तसाच दडून राही. अनुभवी मिस्त्री केवळ कानाने इंजिन ओळखतो, असे जे म्हटले जाई, त्यात बरेच तथ्य होते.

बदल का झाला?

या व्यवस्थेला धक्का दिला तो प्रदूषणाच्या प्रश्नाने. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाले. धुरातील विषारी वायूंचे कमी अपायकारक वायूंत रूपांतर करणारे हे उपकरण शिशामुळे निकामी होते. १ फेब्रुवारी २००० पासून संपूर्ण देशात शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. पुढे भारत स्टेजचे निकष उत्तरोत्तर कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून बी.एस. ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ हे निकष देशभर लागू झाले.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उत्तम काम करण्यासाठी मिश्रणाचे प्रमाण काटेकोर असावे लागते : वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. रस्ता, वेग व हवामान क्षणोक्षणी बदलत असताना स्क्रू फिरवून हे प्रमाण राखणे अशक्यच. म्हणून कार्ब्युरेटरची जागा इंजेक्टरने घेतली आणि इंजिनाचा कारभार एका छोट्या संगणकाकडे गेला. यासच ई.सी.यू. म्हणतात. धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर त्यास मिश्रणाची वार्ता देतो, नॉक सेन्सर इंजिनातील ठोक्यांची सूचना देतो आणि त्यानुसार पेट्रोलचे प्रमाण व ठिणगीचा क्षण तो सतत बदलत राहतो. पॉइंट गेले, बहुतेक गाड्यांतून डिस्ट्रिब्युटरही गेला. जुळवण्यासाठी स्क्रूच उरला नाही.

थोडक्यात, जुन्या इंजिनाचे ट्यूनिंग काही महिन्यांनी एकदा होत असे. नवे इंजिन चालू असेपर्यंत स्वतःचे ट्यूनिंग स्वतःच करीत असते.

संगणक दोष झाकतो

मग नव्या गाडीकडे पाहावयास नको काय? येथेच अनेकांची गल्लत होते. बँकेतील पूर्वीचे लेजर आठवून पाहावे. जमा-खर्चाचा मेळ हाताने घालावा लागे आणि चार आण्यांचा फरक पडला तरी तो त्याच सायंकाळी सर्वांच्या लक्षात येई. जुने इंजिनही तसेच. थोडे बिघडले की लगेच आवाजातून व धक्क्यांतून तक्रार करी. नव्या इंजिनाचा संगणक मात्र लहानसहान दोष सांभाळून घेतो. कोठे हवेची गळती झाली तर तो पेट्रोल थोडे वाढवितो, सेन्सर थोडा सुस्तावला तरी निभावून नेतो. चालकास काहीच जाणवत नाही. सांभाळून घेण्याची मर्यादा संपली की मगच डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

हा दिवा लागूनही ‘गाडी तर व्यवस्थित चालते आहे’ म्हणून दुर्लक्ष करणे महागात पडते. समजा, एक प्लग वा त्याची कॉइल निकामी झाली. त्या सिलिंडरमधील न जळलेले पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते आणि त्या उष्णतेने आतील जाळी वितळू शकते. मौल्यवान धातू असलेले हे उपकरण बदलण्याचा खर्च प्लगच्या किमतीच्या कित्येक पट असतो. दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करून घ्यावी. तो लुकलुकत असेल तर वेग ताबडतोब कमी करावा व सुरक्षित ठिकाणी गाडी थांबवावी.

कोड म्हणजे निदान नव्हे

तपासणीसाठी मेकॅनिक स्टीअरिंगजवळच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो आणि संगणकाने नोंदविलेला कोड वाचतो. ‘पी ०३०१’ याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. परंतु हा कोड दोषाचे ठिकाण सांगतो, कारण सांगत नाही. कारण प्लग असू शकेल, कॉइल असू शकेल, इंजेक्टर असू शकेल किंवा व्हॉल्व्ह नीट न बसल्याने कमी झालेला दाबही असू शकेल. ताप आला हे थर्मामीटर सांगतो. औषध मात्र डॉक्टरांच्या परीक्षेनंतरच ठरते. कोड पाहताक्षणी महागडा भाग बदलण्यास निघालेल्या मेकॅनिकला ‘दुसऱ्या कोणत्या चाचणीने खात्री केली?’ असे अवश्य विचारावे. तसेच बॅटरीची तार काढून दिवा घालविणे हा उपाय नव्हे; त्याने दोष जात नाही, फक्त त्याची नोंद पुसली जाते.

जुन्या सवयी, नवी गाडी

काही जुन्या सवयी नव्या इंजिनास निरुपयोगी, तर काही अपायकारक ठरतात. साधा प्लग काढून घासण्याची पद्धत पूर्वी योग्य होती. इरिडियमच्या प्लगचे टोक अतिशय बारीक असते. तारेच्या ब्रशने घासल्यास ते खराब होते. तो पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरानंतर बदलावयाचा असतो. एअर फिल्टर तुंबला की कार्ब्युरेटरचे इंजिन अधिक पेट्रोल पिई. नव्या इंजिनात संगणक पेट्रोल त्या मानाने कमी करतो, त्यामुळे ॲव्हरेजपेक्षा शक्ती घटल्याचे अधिक जाणवते. प्रत्येक सर्व्हिसिंगला इंजेक्टरची सफाई करून घेण्याची आवश्यकता नसते; लक्षण दिसले किंवा पुस्तिकेत सूचना असली तरच ती करावी.

डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतात. तेथे डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे व त्यात साठलेले पाणी काढणे हेच महत्त्वाचे, कारण अतिसूक्ष्म छिद्रांच्या इंजेक्टरला पाणी व कचरा दोन्ही घातक. बी.एस. ६ च्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारा फिल्टर असतो. गाडी सतत थोड्या अंतरासाठीच वापरली तर ती काजळी जळून जात नाही व फिल्टर तुंबतो. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग फेरी मारणे हीसुद्धा त्या गाडीची एक प्रकारे देखभालच होय.

ज्यांच्याकडे अद्याप कार्ब्युरेटर आहे

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरीही देशात अनेकांनी जुन्या गाड्या प्रेमाने जपल्या आहेत. त्यांना जुन्या अर्थाचे ट्यूनिंग आजही हवेच. किंबहुना, पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागल्यापासून एक नवे काम वाढले आहे. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ होते. नव्या गाडीचा संगणक हा फरक ओळखतो. कार्ब्युरेटर ओळखत नाही. शिवाय जुने रबरी पाइप व वॉशर इथेनॉलने खराब होऊ शकतात. ते तपासून घेणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे.

पी.यू.सी. तपासणीतही हा भेद दिसतो. बी.एस. २ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीस आयडलिंगच्या वेळी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, तर बी.एस. २ व त्यानंतरच्या निकषांच्या गाड्यांस ती ०.५ टक्के किंवा त्याहून कमी आहे. जुनी गाडी नापास झाली तर बहुधा कार्ब्युरेटर जुळवून भागते. नवी नापास झाली तर कोठेतरी काही निकामी झाले आहे असे समजून शोध घ्यावा लागतो.

बिलावर सही करण्यापूर्वी

यापुढे बिलात ‘ट्यूनिंग’ ही ओळ दिसली तर ग्राहकाने नम्रपणे चार प्रश्न विचारावेत. नेमके कोणते काम केले? कोणते भाग बदलले आणि जुने भाग दाखविता येतील काय? हे काम इतक्या किलोमीटरनंतर करावे, असे पुस्तिकेत म्हटले आहे काय? स्कॅनरवर कोणते कोड आढळले आणि त्यांची खातरजमा कशी केली? प्रामाणिक मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला समाधान वाटते. उत्तरे गाडीच्या वहीत तारीख व किलोमीटरसह लिहून ठेवावीत.

घराखालोखाल मोटार ही अनेक कुटुंबांची सर्वांत मोठी खरेदी असते. तिच्या कर्जाचे हप्ते पाच-सात वर्षांत फिटतात. गाडी मात्र त्यानंतरही दीर्घकाळ सेवा देऊ शकते. कर्ज फिटल्यानंतरची ती वर्षे खऱ्या अर्थाने मालकाच्या पदरात पडणारी. ती किती असतील, हे बव्हंशी अनावश्यक कामांवरील खर्च टाळण्यावर आणि आवश्यक काम वेळेवर करण्यावर अवलंबून असते.