गादीखालचा कोयता

मुळशी तालुक्यातल्या एका निवासी विद्यापीठात मी बरीच वर्षं वसतिगृहाचा रेक्टर होतो. आपलं मूल पहिल्यांदाच घराबाहेर ठेवणाऱ्या आईवडिलांसाठी, त्या मुलांसाठी आणि माझ्यासारख्या खुर्चीत नव्याने बसलेल्या रेक्टरांसाठी हे लिहितो आहे. विषय हत्यारांचा आहे. ‘आमच्या मुलाचा याच्याशी काय संबंध?’ असं म्हणून पान उलटू नका. ज्याच्या गादीखाली कोयता निघाला, त्या मुलाच्या आईनेही मला पहिल्यांदा हेच विचारलं होतं.

मुलगा दुसऱ्या वर्षाचा. अभ्यासात बरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाडी लावण्यावरून त्याची बाहेरच्या पोरांशी बाचाबाची झाली. ‘पुन्हा दिसलास तर बघतो’ असा त्यांनी दम दिला. त्याने ते घरी सांगितलं नाही, सिक्युरिटीला सांगितलं नाही, मलाही नाही. बाजारातून एक कोयता विकत आणला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गादीखाली सारला. खोलीतल्या जोडीदाराला ते माहीत होतं, शेजारच्या खोलीतल्या दोघांनाही माहीत होतं. सगळ्यांना त्यात गंमतच वाटत होती.

बाहेरची ती पोरं पुन्हा कधी आलीच नाहीत. कोयता बाहेर निघाला तो आपल्याच मजल्यावरच्या मित्रावर, एका मॅचच्या पैशांवरून झालेल्या भांडणात. मित्राने हात आडवा घातला म्हणून मान वाचली. तळहातातले स्नायुबंध तुटले. शस्त्रक्रिया झाली, पुढे फिजिओथेरपी झाली, तरी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. कोयता नसता तर त्या रात्री दोन-चार शिव्या आणि एखादी थप्पड यापलीकडे काही घडलं नसतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

हे सांगताना मुळशीबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे कोयता घरोघरी असतो. भाताच्या खाचरांचा हा तालुका. बांधावरचं गवत, झुडपं, सरपण, सगळ्याला कोयता लागतो. त्यामुळे दुकानात जाऊन तो विकत घेताना कुणाच्या मनाला काही टोचत नाही. दुसरीकडे गेल्या काही वर्षांत पुण्यात ‘कोयता गँग’ हा वर्तमानपत्रांतला रोजचा शब्द झाला. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांनी जिवावर उदार होऊन तिला वाचवलं, हे कुणी विसरलेलं नाही. त्याच वर्षी पोलिसांनी दुकानदारांना कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायला सांगितलं. २०१८ सालच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमिनी विकलेल्या घरांतल्या पोरांची वाताहत दाखवली होती. आमच्या वसतिगृहातल्या मुलांच्या मोबाईलमध्ये मात्र त्यातली वाताहत राहिली नाही, रुबाब तेवढा उरला. तलवारीने केक कापायचा, त्याचं रील टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात बसायचं, अशा बातम्या पुणे जिल्ह्यात वारंवार येतात.

कायदा काय म्हणतो, ते मुलांना प्रवेशाच्या दिवशीच सांगा. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा आहे. बंदूक-पिस्तुलाला परवाना लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तलवार, खंजीर, गुप्ती आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरेही शस्त्र नियमांच्या यादीत आहेत. घरकाम, शेती, प्रयोगशाळा किंवा कारखान्यासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. ‘कोयता तर शेतीचं अवजार आहे’ असं आमचा मुलगाही म्हणाला. ते अवजार आहे शेतात. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, गादीखाली, त्याचं शेतीशी काय नातं, हे पोलीस विचारतात आणि त्याला उत्तर नसतं. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७ आहे. त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले, सुरे, अगदी लाठ्या-काठ्या बाळगण्यावरही बंदी येते, आणि तो मोडला की कलम १३५ लागतं. आमच्या तालुक्यात हिंजवडी, माण हा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, पौडकडचा भाग पुणे ग्रामीणमध्ये. आपलं आवार कुणाच्या हद्दीत येतं हे रेक्टरला पाठ हवं, कारण आदेश आणि पोलीस ठाणं दोन्ही त्यावर ठरतं.

वार झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ वेगळं. तिथे प्रकरण संपत नाही. न्यायालयात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट अडतो, न्यायालयाची परवानगी आणावी लागते. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत सगळं वर येतं. आमच्या त्या मुलाच्या वर्गमित्रांना पदव्या मिळाल्या तेव्हा तो तारखांना हजर राहत होता. विद्यापीठाने त्याला काढून टाकलंच होतं.

आता नियमांविषयी. आमच्या पुस्तिकेत ‘आवारात शस्त्रे बाळगण्यास मनाई आहे’ असं एक वाक्य होतं, आणि प्रत्येकाने त्याखाली सही केलेली होती. असल्या वाक्याने काही होत नाही. वस्तूंची नावं लिहा: कोयता, तलवार (लग्नातली आणि शोभेचीसुद्धा), गुप्ती, चॉपर, बटणाचा चाकू, फायटर, एअरगन, हुबेहूब दिसणारं खेळण्यातलं पिस्तूल. एअरगनबाबत मुलं फार वाद घालतात. वीस जूलपर्यंतच्या ताकदीची आणि ०.१७७ इंच बोअरपर्यंतची एअरगन परवान्याशिवाय घेता येते हे खरं आहे, पण कायद्याने घरात चालतं म्हणून वसतिगृहात चालत नाही. काय चालतं तेही लिहा. फळं कापायची छोटी सुरी, आर्किटेक्चरच्या मुलांचे कटर, ट्रेकला न्यायचा चाकू कार्यालयात नाव लिहून जमा. शीख विद्यार्थ्याच्या कृपाणाला राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाचं संरक्षण आहे; गेटवरच्या रखवालदाराला हे आधीच समजावलेलं असलं तर त्या मुलाचा पहिल्याच दिवशी अपमान होत नाही. आणि नियमांचा फलक मराठी-हिंदीतही लावा. गेटवर उभा असलेला माणूस, मेसमधला आचारी, बसचा ड्रायव्हर इंग्रजी पुस्तिका वाचत नाहीत, आणि आवारात काय येतंय ते पहिल्यांदा त्यांनाच दिसतं.

एक गोष्ट हमखास राहून जाते. बागेतले कोयते, कुऱ्हाडी, मेसमधले सुरे आवारातच असतात. सकाळी किती दिले आणि संध्याकाळी किती परत आले, याची वही ठेवा. माळीकाम करणाऱ्यांवर संशय म्हणून हे करायचं नाही, उद्या एखादं अवजार गायब झालं तर नाव त्यांचंच पुढे येऊ नये म्हणून करायचं. पालकांपैकीही कुणी कमरेला परवान्याचं पिस्तूल लावून मुलाला सोडायला येतात. परवाना असला तरी गेटच्या आत नाही. हे नम्रपणे आणि प्रत्येकाला सारखंच सांगा, मग ते नगरसेवक असोत की बिल्डर.

नेमबाजीची आवड असलेल्या मुलांनाही मी हेच सांगायचो. म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल आमच्यापासून जवळ आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने तिथेच सराव केला. रायफलीचा सराव रेंजवर करायचा, रायफल वसतिगृहाच्या कपाटात आणायची नाही.

आमच्याकडून पुढे अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तिथे प्रत्येक राज्याचा नियम निराळा. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत २०१६ पासून परवानाधारकाला झाकलेलं पिस्तूल जवळ ठेवता येतं. जाण्याआधी आपल्या विद्यापीठाचा नियम नीट वाचा. खोलीतला जोडीदार काय बाळगतो, हे विचारायला लाजू नका.

खोलीत हत्यार सापडलं तर रेक्टरने ते हातात घेऊ नये. खोलीतल्या मुलांना बाहेर काढा, दाराला कुलूप लावा, दोन सहकाऱ्यांना साक्षीला ठेवा आणि पोलिसांना कळवा; ११२ क्रमांक चालतो. मुलींच्या वसतिगृहात तपासणी फक्त महिलांनीच करायची. संस्थेचं नाव जाईल म्हणून वस्तू परस्पर ओढ्यात टाकायला सांगणारे लोक भेटतात. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो तुमच्या नावावर लागेल.

पण पोलिसांपर्यंत जायच्या कितीतरी आधी हे थांबवता येतं, आणि ते थांबवणारा असतो खोलीतला जोडीदार. आमच्या प्रकरणात तिघांना माहीत होतं. त्यांच्यापैकी एकानेही दुष्टपणे लपवलं नाही, मित्राला अडचणीत आणायचं नाही एवढंच त्यांच्या मनात होतं. पुढे मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात मुलांना सांगू लागलो: हत्यार अजून वापरलेलं नसताना माझ्याकडे आलात, तर बोलणाऱ्याचं नाव माझ्याकडून कुठेही जाणार नाही. आणि ज्याच्याकडे ते आहे त्याला मी आधी हे विचारेन, की तुला भीती कुणाची वाटते?

हा प्रश्न आईवडिलांनीही फोनवर विचारावा. जेवलास का, पैसे आहेत का, याच्या सोबतीने, बाहेर कुणी त्रास देतं का, हेही. मुलगा ‘काही नाही’ म्हणाला आणि तरी संध्याकाळी खाली उतरेनासा झाला असेल, तर रेक्टरला फोन करा. गेटबाहेर कुणी दम दिला तर त्याची लेखी नोंद करून ती पोलीस ठाण्यात आणि गावच्या पोलीस पाटलांकडे द्यायची पद्धत आम्ही त्या घटनेनंतर सुरू केली. गावं लहान आहेत, पोरं कुणाची ते पाटलांना माहीत असतं. टपरीवरची बहुतेक भांडणं मग दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तिथेच मिटली. त्या मुलाला दम देणारेही पुढच्याच गावातले निघाले. पाटलांनी बोलावल्यावर ते आले, आणि त्यांना तर ती बाचाबाची आठवतही नव्हती.