‘मी तर ॲडमिन आहे!’

“अहो, मी ॲडमिन आहे, तरी परमिशन नाही म्हणतोय.” डेटाबेस सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला हे वाक्य फोनवर हमखास ऐकावं लागतं, आणि तेही बहुतेक वेळा ऑफिस सुटल्यावर. बोलणारा खरंच बोलत असतो. तो ॲडमिन असतोच, फक्त विंडोजचा. डेटाबेस सर्व्हरच्या लेखी तो कुणीच नसतो. इमारतीच्या मुख्य दाराची किल्ली वॉचमनकडे असते, म्हणून प्रत्येक घराचं कुलूप त्याला उघडता येत नाही, तसंच हे आहे.

पूर्वी असं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपर्यंत विंडोजचा स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर गट आपोआप ‘सिसॲडमिन’ या सर्वोच्च भूमिकेत बसवलेला असायचा. २००८ च्या आवृत्तीपासून ही सवलत बंद झाली. तेव्हापासून सर्व्हर बसवतानाच विचारलं जातं की सिसॲडमिन कोण असणार, आणि किमान एक नाव दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बदल योग्यच होता. पतसंस्थेतलं मशीन सांभाळणाऱ्याला सभासदांच्या ठेवी आणि कर्जाचे आकडे दिसण्याचं काही कारण नाही. अडचण झाली ती वेगळ्याच ठिकाणी. त्या पानावर ‘सध्याचा वापरकर्ता जोडा’ असं एक बटण असतं. बसवणारा ते दाबतो, पुढे जातो, आणि पुढची कित्येक वर्षं त्या सर्व्हरचा मालक म्हणून त्याचं एकट्याचं नाव राहतं.

अशाच एका पतसंस्थेत मार्चअखेरच्या धावपळीत मला बोलावलं होतं. तिथला संगणक विभाग एक हुशार मुलगा एकट्याने बघायचा. चांगली नोकरी मिळाली आणि तो पुण्याला गेला. संस्थेने नियमाप्रमाणे त्याचं डोमेनवरचं खातं काढून टाकलं. त्यात काहीही चूक नव्हती, गेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवणं जास्त धोक्याचं. पण सर्व्हरवर सिसॲडमिन म्हणून तेवढं एकच खातं होतं. ‘एसए’ हे मूळ खातं बंद होतं, कारण बसवताना फक्त विंडोजची ओळख मानायची असा पर्याय निवडला की ते बंदच राहतं.

शाखांचं काम मात्र रोज सुरळीत चालू होतं. सॉफ्टवेअरचं स्वतःचं वेगळं खातं होतं, त्याला डेटा वाचण्या-लिहिण्यापुरते अधिकार होते, आणि तेवढे पुरत होते. त्यामुळे कुणाला काही जाणवलंच नाही. बंद पडला होता तो रात्रीचा बॅकअप. ते काम ज्या मुलाच्या नावावर होतं तोच सर्व्हरला आता सापडत नव्हता, म्हणून वेळापत्रकावरची कामं चालवणारा एसक्यूएल सर्व्हर एजंट रोज रात्री काम सुरू करायला जायचा आणि अपयशाची नोंद करून थांबायचा. अपयशाचा ईमेलही त्याच मुलाच्या पत्त्यावर जायचा. मार्चअखेरीला सॉफ्टवेअर कंपनीने नवी आवृत्ती टाकण्याआधी ताजा बॅकअप मागितला, तेव्हा हे सगळं उघडकीला आलं.

मी पोहोचेपर्यंत बरेच उपाय करून झाले होते. सर्व्हर पुन्हा सुरू केला होता, सर्व्हरशी जोडणी करायचं ‘मॅनेजमेंट स्टुडिओ’ हे साधन काढून पुन्हा बसवलं होतं, नव्या माणसाला विंडोजच्या असतील नसतील त्या सगळ्या गटांत टाकलं होतं. आता एसक्यूएल सर्व्हरच काढून नव्याने बसवावा, असा सल्ला कुणीतरी दिला होता आणि सचिव त्याला जवळजवळ तयार झाले होते. हा सल्ला तुम्हाला कुणी दिला तर तिथेच थांबवा. लॉगिन ‘मास्टर’ नावाच्या डेटाबेसमध्ये असतात, वेळापत्रकावरची कामं ‘एमएसडीबी’मध्ये. नव्याने बसवताना या दोन्हींच्या जागी कोऱ्या प्रती येतात. तुमच्या मूळ डेटाच्या फाइली वाचल्या तरी कुणाला कुठे किती अधिकार होते, ही सगळी घडी मोडते. आणि इथे तर ताजा बॅकअपही नव्हता.

परमिशनची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: सर्व्हरने नेमकं कुणाला नाकारलं? पडद्यावर दिसणारा १८४५६ क्रमांकाचा ‘लॉगिन फेल्ड’ संदेश मुद्दाम मोघम ठेवलेला आहे. बाहेरच्या माणसाला नाव चुकलं की पासवर्ड, हे कळू नये म्हणून वापरणाऱ्याला त्यातली ‘स्टेट’, म्हणजे कारणाचा क्रमांक, कायम १ दिसते. खरं कारण सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे ‘एररलॉग’ या फाइलमध्ये असतं. ती सर्व्हर बसवलेल्या जागी ‘लॉग’ फोल्डरमध्ये सापडते, नोटपॅडमध्ये उघडते आणि वाचायला डेटाबेसचा अधिकार लागत नाही, विंडोजचा ॲडमिन पुरतो. तिथे स्टेट ५ असेल तर त्या नावाचं लॉगिनच नाही. ८ असेल तर पासवर्ड चुकला आहे. ५८ दिसली तर सर्व्हर फक्त विंडोजची ओळख मानतो आणि तुम्ही एसक्यूएलचं नाव-पासवर्ड घेऊन आला आहात. ३८ किंवा ४० असेल तर माणूस ओळखला गेला, पण त्याने मागितलेला किंवा त्याला नेमून दिलेला डेटाबेस उघडता आला नाही. तासन्‌तास केलेल्या खटपटी ही एक ओळ वाचली असती तर वाचल्या असत्या, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

११ या स्टेटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती भल्याभल्यांना फसवते. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर गटात आहात, त्या गटाला सर्व्हरवर अधिकारही दिला आहे, तरी दार बंद. याचं कारण बऱ्याचदा विंडोजच्या ‘यूएसी’त असतं. त्याच मशीनवर बसून मॅनेजमेंट स्टुडिओ साध्या क्लिकने उघडला, तर विंडोज तुमचं ॲडमिनपण बाजूला ठेवून ओळख पुढे पाठवतं. सर्व्हरला तुम्ही साधे वापरकर्ते दिसता. उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडलं की तोच माणूस आत जातो. कायमचा उपाय म्हणजे डेटाबेस बघणाऱ्यांचा वेगळा डोमेन गट करून त्याला अधिकार देणं.

पतसंस्थेत मात्र आत जायला खरोखरच कुणी उरलं नव्हतं. अशा वेळेसाठी अधिकृत वाट आहे. सर्व्हर ‘सिंगल यूजर’ स्थितीत सुरू केला, तर त्या मशीनच्या विंडोज ॲडमिनिस्ट्रेटर गटातला माणूस सिसॲडमिन म्हणून आत जाऊ शकतो. ही वाट वापरण्याआधी मी संस्थेकडून लेखी परवानगी घेतली. तुम्हीही घ्या. एक तर काम चालू असताना सर्व्हर बंद करावा लागतो. दुसरं, दुसऱ्याच्या तिजोरीत शिरण्याएवढा हा अधिकार आहे, आणि सर्व्हर कोणत्या पॅरामीटरने सुरू झाला याची नोंद एररलॉगमध्ये राहतेच. चौकशी झाली तर कागद हाताशी असलेला बरा.

कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडून आधी एसक्यूएल सर्व्हर एजंट थांबवायचा. हे विसरलं की घोळ होतो, कारण या स्थितीत एकच जोडणी मिळते आणि टपून बसलेला एजंट ती तुमच्याआधी पटकावतो. शाखांचं सॉफ्टवेअरही तेच करतं. म्हणून सर्व्हरच्या गुणधर्मांतल्या ‘स्टार्टअप पॅरामीटर्स’मध्ये उणे चिन्ह आणि एम हे अक्षर टाकताना त्याला लागूनच ‘एसक्यूएलसीएमडी’ हे कमांड प्रॉम्प्टवरच्या साधनाचं नाव दुहेरी अवतरणात जोडावं. मग त्याच नावाने आलेली जोडणी आत घेतली जाते. पॅरामीटरचं हे पान २०१२ च्या आवृत्तीपासून आहे, त्याआधीच्या आवृत्तींत ते ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये एका लांबलचक ओळीत असतं. सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि एसक्यूएलसीएमडीने आत जायचं. इथे मॅनेजमेंट स्टुडिओच्या नादी लागू नये, त्याची प्रत्येक खिडकी स्वतःची वेगळी जोडणी मागते. आत गेल्यावर दोनच आज्ञा लागतात: ‘क्रिएट लॉगिन’ने नवं विंडोज लॉगिन तयार करायचं, आणि ‘आल्टर सर्व्हर रोल’ने ते सिसॲडमिनमध्ये घालायचं. प्रत्येक आज्ञेनंतर ‘गो’ लिहायला विसरू नये.

बाहेर आल्यावर तो पॅरामीटर काढायचा, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, एजंट सुरू करायचा. पॅरामीटर तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाखा उघडल्या की सगळ्यांना १८४६१ क्रमांकाचा संदेश येतो: सर्व्हर एकाच माणसासाठी चालू आहे. सर्व्हर क्लस्टरवर असेल तर ही कृती जशीच्या तशी करू नका. तिथे क्लस्टरच मध्ये पडून सेवा सुरू-बंद करत असतो, जाणकाराला सोबत घ्या.

दार उघडलं, पण काम तिथे संपलं नाही. रात्रीच्या कामांची मालकी अजून त्या गेलेल्या मुलाकडेच होती आणि नोंदीत १५४०४ हा क्रमांक दिसत होता, म्हणजे विंडोजकडे या माणसाची माहिती मिळत नाही. कामं ‘एसए’च्या नावे केली. ते खातं बंद असलं तरी मालक म्हणून चालतं. डेटाबेसची मालकीही त्याच मुलाकडे होती, तीही बदलली. मग बॅकअप नव्या डिस्कवर घ्यायला गेलो, तर ‘ऑपरेटिंग सिस्टीम एरर ५’, प्रवेश नाकारला. शेजारी बसलेल्या नव्या मुलीने लगेच तो फोल्डर उघडून दाखवला. “सर, मला तर उघडतोय!” ती बरोबर होती. पण बॅकअपची फाइल ती लिहीत नव्हती, मीही लिहीत नव्हतो. ती लिहितो एसक्यूएल सर्व्हर, त्याच्या सेवेच्या स्वतःच्या खात्याने. फोल्डरवर अधिकार त्या खात्याला हवा. बॅकअप नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर जाणार असेल आणि सेवा नेहमीच्या व्हर्च्युअल खात्याने चालत असेल, तर पलीकडे ती मशीनच्या नावाने पोहोचते, त्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असतं. अधिकार त्या नावाला द्यावा लागतो. ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार देऊन मोकळं होणारे पुष्कळ आहेत. सभासदांच्या खात्यांची संपूर्ण प्रत अशी उघड्यावर ठेवणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

आत आल्यानंतरही एखादी गोष्ट करता येत नसेल, तर तिथेही आधी ओळख तपासा. ‘ओरिजिनल लॉगिन’ हे फंक्शन तुम्ही कोण म्हणून आलात ते सांगतं, ‘एफएन माय परमिशन्स’ तुमच्याकडे काय आहे ते. दोन गटांत असलेल्या माणसाला एका गटातून ‘ग्रँट’ आणि दुसऱ्यातून ‘डिनाय’ असेल तर नकार जिंकतो, मग तुम्ही कितीही वेळा ग्रँट द्या. दुसऱ्या सर्व्हरवरचा बॅकअप आणून उतरवला असेल तर डेटाबेसमधला वापरकर्ता आणि सर्व्हरवरचं लॉगिन यांची नावं सारखी दिसली तरी आतले ओळखक्रमांक वेगळे असू शकतात. ‘आल्टर यूजर’ने ती गाठ पुन्हा मारावी लागते.

आणि हे सगळं टाळण्यासाठी जो उपाय सर्रास केला जातो, त्याला माझा ठाम विरोध आहे: चालत नाही ना, मग सिसॲडमिन द्या. सॉफ्टवेअर विकणारेही बिनदिक्कत तेच मागतात. सिसॲडमिनसाठी सर्व्हर परवानगी तपासतच नाही, डिनायसुद्धा त्याला लागू पडत नाही. तो बंद असलेलं ‘एक्सपी सीएमडीशेल’ चालू करून थेट विंडोजच्या आज्ञा चालवू शकतो. अशा खात्याने चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एखाद्या पानात एसक्यूएल इंजेक्शनची फट राहिली, तर धोका डेटाबेसपुरता राहत नाही, अख्ख्या मशीनपर्यंत जातो. मागणाऱ्याला विचारा, नेमकं काय करायचं आहे? फक्त बॅकअप घ्यायचा असेल तर ‘डीबी बॅकअप ऑपरेटर’ आहे. सर्व्हर मंद का चाललाय हे बघायचं असेल तर ‘व्ह्यू सर्व्हर स्टेट’ आहे. नेमकं काय हवंय हे ज्याला सांगता येत नाही, त्याला अधिकार देऊ नका.

पतसंस्थेत आम्ही सिसॲडमिन म्हणून एका माणसाऐवजी डोमेनवरचा एक गट ठेवला आणि त्यात दोन माणसं घातली. सर्व्हर दोन्ही प्रकारची ओळख मानेल असं केलं, एसए खातं चालू करून त्याचा लांब पासवर्ड बंद पाकिटात सचिवांच्या तिजोरीत ठेवला, आणि पाकीट बंद करण्याआधी त्याने आत जाता येतं हे करून पाहिलं. नुसता पासवर्ड ठेवून उपयोग नाही. सर्व्हर फक्त विंडोजची ओळख मानत असेल तर तो पासवर्ड कुठेच चालत नाही. राजीनाम्यानंतरच्या कागदात एक ओळ वाढली: खातं काढण्याआधी त्या नावावर कोणती कामं आणि कोणते डेटाबेस आहेत ते पाहावं. अपयशाचे ईमेल आता विभागाच्या पत्त्यावर जातात.

तुमच्या ताब्यात असा सर्व्हर असेल, तर आजच ‘एसपी हेल्प सर्व्हर रोल मेंबर’ ही आज्ञा चालवून सिसॲडमिनची यादी बघा. सर्व्हरची स्वतःची सेवाखाती आणि बंद पडलेलं एसए वगळून त्यात एकाच माणसाचं नाव उरत असेल, तर तो माणूस नोकरीत आहे तोवरच दुसरं नाव जोडून घ्या.