आजारपणाची रजा आणि कंपनीचा डॉक्टर

प्रश्न : मी चाकणजवळच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत प्रेसवर काम करतो. डेंग्यू झाला म्हणून ईएसआयच्या डॉक्टरांनी आठ दिवसांचे सर्टिफिकेट दिले. तिसऱ्याच दिवशी सुपरवायझरचा फोन आला : ‘आमच्या डॉक्टरला दाखव आणि सगळे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, नाहीतर दुसरा माणूस घेतो.’ असे करायचा त्यांना हक्क आहे का?
— एक कामगार, खराबवाडी

उत्तर : सर्टिफिकेट खरे आहे का, ही शंका घेण्याचा हक्क कंपनीला आहे. मात्र शंका आली म्हणून सुपरवायझरने फोनवर धमकावावे, हा तिचा मार्ग नव्हे. कंपनीने ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, शाखा कार्यालयाला लेखी कळवायचे असते. तिथून तुम्हाला ‘मेडिकल रेफरी’कडे, म्हणजे ईएसआयच्याच दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवता येते. असे बोलावणे आले तर जरूर जा. तपासणी टाळली तर आजारपणाचा भत्ता अडकू शकतो.

हा भत्ता म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर त्यातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालकाकडून 3.25 टक्के भरले जातात. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तरी जबाबदारी मूळ कंपनीवर येते. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली, की आजारपणात सरासरी रोजंदारीच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. रोज 600 रुपये पडत असतील तर 420 रुपये. पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत.

‘दुसरा माणूस घेतो’ या धमकीबद्दल. डॉक्टरने रीतसर प्रमाणित केलेल्या आजारपणात कामगाराला कामावरून काढू नये, त्याला शिक्षा करू नये आणि त्या काळात दिलेली नोटीस धरली जाऊ नये, असे 1948 च्या ईएसआय कायद्याचे कलम 73 सांगत आले आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. त्यामुळे अर्जात कलमाचा आकडा घालण्याआधी शाखा कार्यालयात विचारून घ्या.

पण नुसत्या सर्टिफिकेटवर विसंबू नका. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलचा एक कामगार रजा संपूनही परतला नाही आणि त्याने आजारपणाचा कागद नंतर दाखवला. स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कंपनीच्या सेवानियमांनुसार, त्याची नोकरी गेली होती. 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने कलम 73 चे संरक्षण त्याला दिले नाही. म्हणून आजारी पडलात की त्याच दिवशी रजेचा अर्ज ठेकेदाराला आणि कंपनीला, दोघांनाही पाठवा आणि पोच जपून ठेवा. अंगात ताप असताना हे जड जाते, तेव्हा खोलीवरच्या सोबत्याला सांगा.

आता रिपोर्टांविषयी. तुम्ही कामाला योग्य आहात की नाही आणि कधी रुजू होऊ शकाल, एवढे कंपनीला कळायला हवे. प्लेटलेट किती, आणखी कोणता आजार आहे, हे सुपरवायझरच्या मोबाइलवर जायचे कारण नाही. रुग्णाची गुपिते डॉक्टरने उघड करू नयेत, असे वैद्यकीय परिषदेचे 2002 चे आचारनियमही सांगतात. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये एका हंगामी मजुराच्या बाजूने निकाल दिला होता. मालकाने करवलेल्या तपासणीत एचआयव्ही आढळला म्हणून त्याचे काम काढून घेतले गेले होते. काम करायला जो समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ आजाराच्या नावावरून डावलता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांची वर्षातून होणारी तपासणी मात्र वेगळी. ती कामगाराच्या रक्षणासाठी असते. ती टाळू नका, आणि तिची नोंद मागून घ्या. ती पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कामावर परतताना ईएसआयचे अंतिम सर्टिफिकेट सोबत न्या. मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्डही ठेवा. गेटवर अडवले तर तारीख, वेळ आणि कोण काय बोलले ते लिहून काढा आणि त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. तुम्ही कामावर हजर झाला होतात, याचा पुरावा तोच.